वन डाऊन कोण जाणार?

फेब्रुवारी १९८८. मुंबईचं आझाद मैदान. हॅरिस शिल्ड नावाची शाळांची क्रिकेट स्पर्धा चालू आहे आणि शारदाश्रम शाळेची दोन पोरं सेंट झेवियर्सच्या गोलंदाजांना नुसती धुताहेत. एकाचं नाव सचिन, दुसऱ्याचं विनोद. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९, आणि दोघांची भागीदारी ६६४ धावांची. ही गोष्ट माहीत नाही असं घर महाराष्ट्रात शोधून सापडायचं नाही. आपल्यापैकी ज्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही ती नवऱ्याकडून, भावाकडून, नाहीतर पोराकडून दहादा ऐकलेली असते.

पण त्या मैदानाच्या कडेला आणखी एक मुलगा बसला होता. पायाला पॅड बांधून, बॅट मांडीवर घेऊन. पुढचा नंबर त्याचा. आतला एक जण बाद झाला की यानं उठायचं. पण आतलं कुणी बाद होईचना! एक दिवस गेला, दुसरा गेला, शेवटी डाव सोडला आणि या पोराला पॅड सोडावे लागले. वय वर्षं तेरा. नाव अमोल मुझुमदार.

हाच अमोल पुढं मुंबईकडून रणजी खेळला. पहिल्याच सामन्यात २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा केल्या. पण भारताच्या संघात त्याला एकदाही जागा मिळाली नाही. त्याच्या वेळी मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण अशी मंडळी ठाण मांडून बसलेली. याचा नंबर लागायचा कुठून? म्हणजे तेराव्या वर्षी दोन दिवस बसला होता, तसाच पुढं वीस वर्षं पॅड बांधून बसला म्हणा ना.

आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताच्या महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली ती याच माणसाची. अकरा जणींपैकी कोण आधी जाणार, कोण नंतर जाणार, आणि कुणी नुसतंच पॅड बांधून बसायचं, हे ठरवण्याचं काम आता त्याच्या आणि कप्तान हरमनप्रीत कौरच्या हाती आलं. २०२५ च्या विश्वचषकात या एका गोष्टीपायी किती रामायण झालं, ते आज सांगायचं आहे.

आधी ज्यांना खेळातलं कळत नाही त्या मैत्रिणींसाठी दोन शब्द. (कळतं त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.) एकदिवसीय सामन्यात एका संघाला ३०० चेंडू मिळतात. पहिल्या दोघी सलामीला जातात. त्यांच्यातली एक बाद झाली की तिसरी जाते, तिला म्हणायचं ‘वन डाऊन’. चौथी, पाचवी, सहावी म्हणजे मधली फळी. आठवीनंतरच्या बहुतेक गोलंदाज असतात, त्यांना शेपूट म्हणतात. आता गंमत अशी, की वरच्यांना चेंडू भरपूर मिळतात आणि खालच्यांना उरलंसुरलं. पुष्कळदा आठव्या-नवव्या नंबरावरच्या मुलीची पाळीच येत नाही. आपल्याकडं पंगतीत शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटात वरणाचं पाणी आणि भाजीचा रस्सा तेवढा येतो ना, तसंच काहीसं. तुलना फार ताणायला नको, पण बायकांना क्रमांकाचं महत्त्व निराळं समजावून सांगावं लागत नाही, एवढं खरं.

त्यातही तिसरा नंबर फार अवघड. पहिलीच सलामीवीर दुसऱ्या चेंडूवर बाद झाली तर नव्या चेंडूसमोर उभं राहायचं. आणि दीडशे धावांची सलामी झाली तर दोन-दोन तास पॅड बांधून ताटकळत बसायचं आणि आत गेल्या गेल्या पहिल्या चेंडूपासून फटकवायचं. सासूसारखी सोशिक आणि सुनेसारखी चपळ अशी दोन्ही माणसं एकाच बाईत लागतात. अशी बाई भारताच्या महिला संघाला कितीतरी दिवस पक्की सापडत नव्हती. कधी ही, कधी ती.

सलामीला स्मृती मानधना. ती आपल्या सांगलीची. तिथं प्रश्न नाही. तिच्या जोडीला प्रतिका रावल. तिसरी हरलीन देओल, चौथी कप्तान हरमनप्रीत आणि पाचवी जेमिमा रॉड्रिग्ज, म्हणजे मुंबईची, वांद्र्याची जेमी. कागदावर सगळं छान दिसत होतं. स्पर्धा भारतात होती, पहिला सामना ३० सप्टेंबरला गुवाहाटीत श्रीलंकेशी. आणि पहिल्याच सामन्यात ६ बाद १२४! जेमिमा पहिल्याच चेंडूवर बाद. त्या दिवशी दीप्ती शर्मा आणि अमनज्योत कौर या खालच्या दोघींनी अर्धशतकं ठोकून लाज राखली, म्हणून जिंकलो. पुढं कोलंबोत पाकिस्तानला हरवलं, तेव्हाही धावा २४७ च.

मग खरी परीक्षा सुरू झाली. ९ ऑक्टोबर, विशाखापट्टणम, समोर दक्षिण आफ्रिका. पुन्हा तीच तऱ्हा, ६ बाद १०२. जेमिमा पुन्हा शून्यावर. आणि आठव्या नंबरावर आली सिलिगुडीची रिचा घोष. तिनं ७७ चेंडूंत ९४ धावा केल्या. ज्या मुलीच्या हातात एवढी ताकद, तिला आठवी पाठवायची? सगळीकडं हाच सवाल. सामना तर हरलोच. पुढच्याच सामन्यात तिला वर पाठवलं. तो सामना ऑस्ट्रेलियाशी होता. स्मृती आणि प्रतिकानं १५५ धावांची सलामी दिली, धावा झाल्या ३३०, आणि ऑस्ट्रेलियाच्या कप्तान अलिसा हिलीनं १४२ धावा ठोकून तेवढ्याही पार केल्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला तोवरचा सगळ्यात मोठा पाठलाग होता तो.

दोन सामने हरल्यावर काय करायचं? १९ ऑक्टोबरला इंदूरमध्ये इंग्लंडविरुद्ध संघात बदल केला. सहावी गोलंदाज हवी म्हणून रेणुका सिंगला घेतलं आणि तिच्यासाठी एका फलंदाजाला बसवलं. कुणाला? जेमिमाला. दोनदा शून्यावर गेलेली, म्हणून नजर तिच्यावरच पडली असणार. आणि तो सामना आपण चार धावांनी हरलो. चार! स्मृती ८८, हरमनप्रीत ७०, दीप्ती ५०, इतकं होऊन. आत एखादी पक्की फलंदाज जास्त असती तर... हे तर टीव्हीसमोर बसलेली आजीबाईसुद्धा म्हणाली असेल.

सलग तीन पराभव. घरच्या मैदानावर विश्वचषक आणि उपांत्य फेरीचेच वांधे. अशा वेळी संघ काय करतात ते पाहणं मोठं मनोरंजक असतं बरं का.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्याकडंही शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल आहेत, काही शाळांतल्या मुली खेळतात, पण टीव्हीवर कुणी बघत नाही. त्यात नऊ जण बॅट घेतात. कोण पहिला, कोण दुसरा याची यादी सामन्याआधी पंचाच्या हातात द्यावी लागते आणि त्याच क्रमानं फिरत राहायचं. नववा झाला की पुन्हा पहिला. म्हणजे तिथं पंगत गोल असते, उपाशी कुणी राहत नाही. तरी वरच्याला थोडं जास्तच मिळतं. त्यांच्या हंगामात एका संघाचे १६२ सामने होतात, आणि यादीत एक घर खाली सरकलं की हंगामभरात साधारण अठरा पाळ्या कमी होतात. त्यामुळं चांगले फटकावणारे वर ठेवायचे आणि दुबळे खाली, असा रिवाज.

१९७२ सालची गोष्ट. डेट्रॉइट टायगर्स नावाचा संघ हरत चालला होता. त्यांचा व्यवस्थापक बिली मार्टिन, मोठा तापट माणूस. १३ ऑगस्टला त्यानं काय करावं? नऊ खेळाडूंची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली, टोपीत टाकली आणि एकेक चिठ्ठी काढत यादी बनवली! आपली भिशीची चिठ्ठी काढतात अगदी तशी. दांडगा फटकेबाज नॉर्म कॅश गेला पहिल्या नंबरावर, आणि ज्याच्या बॅटला कुणी घाबरत नव्हतं असा एड ब्रिंकमन आला चौथ्या नंबरावर, जिथं संघातला सगळ्यात जोरदार गडी असायला हवा. क्लीव्हलँडविरुद्ध तो सामना त्यांनी ३-२ असा जिंकला. आणि त्या वर्षी आपल्या गटात टायगर्स पहिले आले.

आता हे चिठ्ठीमुळं झालं असं मी म्हणणार नाही. तिकडं हिशेब मांडणाऱ्या मंडळींनी पुढं आकडे तपासून दाखवलं, की तेच नऊ जण पुढं-मागं केल्यानं बेसबॉलमध्ये फार मोठा फरक पडत नाही. माझं मत असं, की चिठ्ठीनं दुसरंच काम केलं. ‘मला का वर, त्याला का खाली’ ही कुरकुर एका दिवसापुरती बंद झाली. बचत गटात कर्जाचा पहिला नंबर कुणाचा यावरून ज्यांनी भांडणं पाहिली आहेत, त्यांना हे लगेच पटेल. चिठ्ठीत नाव निघालं की कुणी कुणावर रुसत नाही.

क्रिकेटमध्ये मात्र फरक पडतो, कारण इथं पाळी एकदाच. आणि यादी आधी कुणाला द्यायची नसते, ऐन वेळी बदलता येते. याचा सगळ्यात नामी दाखला म्हणजे डॉन ब्रॅडमन. १९३७ चा जानेवारी, मेलबर्न. ऑस्ट्रेलिया पहिले दोन्ही कसोटी सामने हरलेली. कप्तान ब्रॅडमनवर टीकेचा भडिमार. पावसानं खेळपट्टी अशी बिघडली, की चेंडू कुठून कसा उसळेल सांगता येईना. ब्रॅडमननं सगळी यादीच उलटी केली. ओरायली आणि फ्लीटवुड-स्मिथ हे दोघं निव्वळ गोलंदाज, ज्यांना बॅट कशी धरावी हेही धड ठाऊक नाही असं लोक म्हणत, त्यांना पाठवलं सलामीला. हेतू एवढाच, की खेळपट्टी वाळेपर्यंत वेळ काढा. मग सहाव्या नंबरावर फिंगल्टन आला, सातव्यावर स्वतः ब्रॅडमन. तोवर ऊन पडलं होतं. दोघांची भागीदारी ३४६ धावांची, ब्रॅडमन २७०. सामना जिंकला, आणि पुढचे दोन्ही जिंकून मालिकाही ३-२ अशी खिशात. आपल्या बायका नाही का, पाऊस उघडेपर्यंत पापडाचं पीठ झाकून ठेवतात आणि ऊन पडल्यावरच लाटायला घेतात? तेच की हे.

आपल्या सचिनचंही असंच. तो एकदिवसीय सामन्यांत आधी मधल्या फळीत खेळायचा. मार्च १९९४ मध्ये ऑकलंडला नवज्योत सिद्धूची मान आखडली, तेव्हा सचिननं स्वतः मागणी करून सलामीचा नंबर मागून घेतला. कप्तान अझरुद्दीन आणि व्यवस्थापक अजित वाडेकर हो म्हणाले, आणि ४९ चेंडूंत ८२ धावा झाल्या. त्यानंतरचा इतिहास सांगायला नको. एकाची मान आखडली नसती तर? पण मला यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. त्यानं मागितलं. आपल्या पोरींना मागायला कुणी शिकवत नाही, ‘दिलं ते घे’ एवढंच शिकवतात.

शेपटाचीही एक गोष्ट आहे. १९४६ साली इंग्लंडच्या दौऱ्यात सरेविरुद्ध चंदू सरवटे आणि शूटे बॅनर्जी या दहाव्या-अकराव्या नंबरवाल्यांनी दोघांनी शतकं केली, २४९ धावांची भागीदारी. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये असं दुसऱ्यांदा घडायला २०२४ साल उजाडलं. मुंबईच्या तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे यांनी रणजीच्या उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध दहाव्या आणि अकराव्या नंबरावर शतकं काढली. शेवटी बसवलेल्याला काही येत नाही असं धरून चालू नये, हे बडोद्याच्या गोलंदाजांना विचारा.

तर परत आपल्या मुलींकडं.

२३ ऑक्टोबर २०२५. नवी मुंबईतलं डी. वाय. पाटील स्टेडियम. त्या दिवशी नेमकी भाऊबीज होती. घराघरांत ओवाळण्याची गडबड, आणि तिकडं न्यूझीलंडशी ‘जिंका नाहीतर बॅग भरा’ असा सामना. इथं यादी बदलली. जेमिमाला संघात परत घेतलं आणि तिला पाचवी नाही, थेट तिसरी पाठवली. विचार करा, जी मुलगी दोनदा शून्यावर गेली, जिला मागच्या सामन्यात बसवलं, तिला खाली लपवायचं सोडून वर ढकललं. व्यवहारी माणूस म्हणेल हा जुगार झाला. पण त्या दिवशी स्मृतीनं १०९ केल्या, प्रतिकानं १२२, आणि भक्कम सलामीनंतर जेमिमा आत गेली ती ५५ चेंडूंत ७६ धावा करून नाबाद परतली. पावसानं हिशेब बदलला, तरी ५३ धावांनी जिंकलो. उपांत्य फेरी पक्की.

वाटलं, बसली घडी. पण घडी बसली की विस्कटणार हे ठरलेलंच! २६ तारखेला बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना प्रतिकाचा पाय मुरगळला आणि ती स्पर्धेबाहेर. तीनशेवर धावा केलेली सलामीवीर गेली. तिच्या जागी बोलावलं शफाली वर्माला, जिला मूळ संघात घेतलंच नव्हतं. ती बिचारी तेव्हा हरियाणाकडून देशातलीच एक स्पर्धा खेळत होती. तीन दिवसांवर उपांत्य सामना, तोही ऑस्ट्रेलियाशी. २०१७ मध्ये याच हरमनप्रीतच्या नाबाद १७१ धावांनी त्यांना हरवलं होतं, त्यानंतर विश्वचषकात त्या एकही सामना हरल्या नव्हत्या.

३० ऑक्टोबर. ऑस्ट्रेलियानं ३३८ धावा केल्या. इतक्या धावांचा पाठलाग महिलांच्या एकदिवसीय सामन्यात कुणी कधी केलेला नव्हता. आणि आपल्याकडं तिसरी कोण जाणार हे अजून ठरत होतं. जेमिमा अंघोळीला गेली होती. ‘काय ठरेल ते मला सांगा’ असं सांगून गेलेली. मैदानात उतरायच्या जेमतेम पाच मिनिटं आधी तिला कळलं, की तूच तिसरी. हे तिनंच नंतर सांगितलं. आणि शफाली दुसऱ्याच षटकात बाद! केस वाळायच्या आत बाईसाहेब खेळपट्टीवर.

मैत्रिणींनो, त्या रात्री तिनं १३४ चेंडू खेळून नाबाद १२७ धावा केल्या. स्मृती लवकर गेली. मग हरमनप्रीतबरोबर १६७ धावांची भागीदारी. हरमनप्रीत ८९ वर बाद झाली, दीप्ती आली, रिचा आली, शेवटी अमनज्योत आली, आणि जेमिमा तिथंच. मध्ये तिचे झेलही सुटले, नशीब नाही असं कोण म्हणेल? अर्धशतक झालं, शतक झालं, तिनं बॅट उंचावली नाही, नाचली नाही. सामना संपायचा होता ना अजून. नऊ चेंडू राखून जिंकल्यावर मात्र ती जी रडायला लागली ती थांबेचना.

नंतर माईकसमोर तिनं जे सांगितलं ते मला त्या १२७ धावांपेक्षा मोठं वाटतं. या स्पर्धेत आपण जवळजवळ रोज रडत होतो, जीव घाबरा व्हायचा, आईला फोन करून नुसती रडायचे, असं तिनं सगळ्या जगासमोर सांगितलं. अरुंधती रेड्डी जवळ येऊन बसायची, स्मृती काही न बोलता शेजारी उभी राहायची, हेही सांगितलं. २०२२ च्या विश्वचषकाला तिला संघातूनच वगळलं होतं, ते दुःख होतंच. आपल्याकडं पोरगी रडली की ‘नाटकं करू नको’ म्हणतात. ही रडून उठली, डोळे पुसले आणि तिसऱ्या नंबरावर गेली.

आणि हो, मराठवाड्यातल्या मैत्रिणींसाठी एक खास गोष्ट. हीच जेमिमा नोव्हेंबर २०१७ मध्ये, सतरा वर्षांची असताना, मुंबईच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाकडून सौराष्ट्राविरुद्ध नाबाद २०२ धावा काढून गेली. कुठं? आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात. स्मृतीनंही २०१३ मध्ये महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध बडोद्यात नाबाद २२४ केल्या होत्या. पोरींनी द्विशतकं ठोकली तरी गावाला पत्ता नाही, अशी आपली तऱ्हा.

२ नोव्हेंबरची अंतिम लढत तर सगळ्यांनी पाहिलीच. मूळ संघात नसलेली शफाली सलामीला येऊन ८७ धावा करते, वर दोन बळीही घेते. दीप्ती ५८ धावा आणि पाच बळी. दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्वार्टचं शतक, आणि अमनज्योतनं तीनदा निसटता निसटता धरलेला तिचा झेल. बावन्न धावांनी विजय, तारीख उलटून गेलेली. प्रतिका रावल चाकाच्या खुर्चीतून मैदानात आली होती, तिरंगा घेऊन. २०१७ मध्ये लॉर्ड्सवर नऊ धावांनी गेलेला चषक अखेर हाती आला. १९७३ मध्ये पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा संघ होते अवघे तीन, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्या काळी बायका पदरचे पैसे घालून, बिनआरक्षणाच्या डब्यात बसून खेळायला जायच्या. त्यांच्यातल्या कित्येकींचे डोळे त्या रात्री भरून आले असतील.

पण मला आठवते ती हरलीन. पहिल्या पाच सामन्यांत तिसरी तीच होती. शून्यावर गेली नाही. दोनदा चाळिशी ओलांडली, आणि एक दिवस तिची जागा दुसरीला मिळाली. उपांत्य सामन्यात आणि अंतिम सामन्यात ती अकरा जणींत नव्हती. तिचा काही गुन्हा होता का? नव्हता. पण एकीला वर चढवलं की कुणीतरी बाकावर बसतं, हे प्रयोगाचं मोल असतं आणि ते नेहमी दुसऱ्याच कुणालातरी भरावं लागतं. टाळ्या वाजवताना तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. अमोल मुझुमदारचं असेल, असं आपलं मला वाटतं. बाकावर बसून दुसऱ्यांच्या धावा मोजणं म्हणजे काय, हे त्या माणसाइतकं कुणाला माहीत असणार?

आता थोडं आपल्या उमरीचं. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं जो धुमाकूळ घातला तो विसरता यायचा नाही. सोयाबीन पाण्यात, कापूस काळा पडलेला. दिवाळी कशीबशी केली. तशात ३० तारखेच्या रात्री गल्लीतल्या बायका दारं लोटून टीव्हीपुढं बसल्या होत्या. एरवी रिमोट हाती न येणाऱ्या! शेजारच्या काकूंना धावा-चेंडूंचा हिशेब येत नाही, पण ‘ती पोरगी आत आहे ना अजून?’ एवढंच विचारत होत्या. आहे म्हटलं की पुन्हा माळ ओढायच्या.

त्यानंतर मैदानावर मुली दिसू लागल्या. आधी काय असायचं, बॅटिंग पोरांची आणि झुडपात गेलेला चेंडू आणायचं काम बहिणीचं. फारच हट्ट धरला तर शेवटी एक षटक, तेही अंधार पडल्यावर. आता त्यांचा त्यांचा डाव असतो. चार-पाच जणी तर अशा छान मारतात, की बघत राहावं. बाहेरच्या शाळेशी खेळल्या की मात्र हरतात. कारण ठरलेलं. ज्या दोघी-तिघी चांगल्या, त्याच नेहमी पहिल्यांदा जातात, त्या गेल्या की सगळा खेळ आटोपला. खालच्यांना कधी चेंडूच खेळायला मिळत नाहीत, मग त्यांना येणार कुठून? आणि येत नाही म्हणून त्यांना वर पाठवत नाहीत. हे गाडं असंच गोल फिरत राहतं.

मी त्यांच्या क्रीडाशिक्षकांना म्हटलं, गावातल्या गावात खेळता तेव्हा तरी यादी उलटी करून बघा. हार-जीत सोडा. एका रविवारी शेपूट सलामीला जाऊ द्या, दुसऱ्या रविवारी मधली फळी. कोण उसळत्या चेंडूला भीत नाही, कोण पळून धावा काढते, कोण हरत असतानाही डोकं शांत ठेवते, हे आठव्या नंबरावर बसवून कसं कळणार? दोन-चार सामने बघायचे, वहीत लिहून ठेवायचं आणि मगच नंबर पक्के करायचे. एका सामन्यावरून नाही, जेमिमाही दोनदा शून्यावर गेली होती. मास्तर हसले. म्हणाले, ‘ताई, यादीचं मी बघतो, पण निम्म्या पोरी रविवारी येतच नाहीत. कुणाला वेचणीला जायचं असतं, कुणाला धुणं असतं. अकरा जमल्या तर ऑर्डर लावायची ना!’

खरंय त्यांचं. नांदेडला सामना असला तर सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत यावं लागतं. सोबत एखादी बाई हवी, हे आयांचं म्हणणंही चुकीचं नाही. मग त्यावर तोड निघाली. आयांनीच पाळ्या लावून घेतल्या. या खेपेला ही आई सोबत जाणार, पुढच्या खेपेला ती. आणि रविवारची धुणी शनिवारी संध्याकाळी. काही घरांत भावांनी पाणी भरायचं कबूल केलं, ते किती दिवस टिकतं ते बघायचं.

मागच्या रविवारी त्यांचा डाव बघायला गेले होते. कोण पहिली जाणार यावरून जुंपली होती. मग एकीनं आपली नेहमीची युक्ती काढली. मातीत बॅट आडवी धरली, तिच्यामागं बोटानं एक ते अकरा आकडे उलटसुलट लिहिले आणि बाकीच्यांना एकेक रेघ निवडायला सांगितली. ज्या मुलीला आजवर दहाव्या नंबराच्या वर कुणी पाठवलं नव्हतं, तिच्या रेघेसमोर तीन निघाला. ती घाबरून म्हणाली, ‘मी नाही बाई, तूच जा माझ्याऐवजी.’

‘अगं पॅड बांध आधी,’ दुसरी म्हणाली. पॅडचा एकच जोड होता, त्याचा एक पट्टा तुटलेला. तिघींनी मिळून तो ओढणीनं बांधला.